फोनवरचा डॉक्टर

“बेड आहे! बेड! बेड!” डॉ. माने रिसीव्हरमध्ये ओरडत होते. पलीकडे अक्कलकोटच्या पुढच्या एका गावातलं पोस्ट होतं आणि मधल्या तारेत नुसती चरचर.

“बेड?” शरणम्मांचा आवाज आला.

“हो, बेड!”

कॉल तुटला.

१९७४ साल होतं. शहरातल्या सात रस्ता चौकाजवळ डॉक्टरांच्या इस्पितळात अतिदक्षता विभाग नुकताच सुरू झाला होता. विभाग म्हणजे दोन खाटा आणि एक ईसीजी यंत्र. पुढच्या काळात संगणकाच्या पडद्यावर पेशंट तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांना हे खरं वाटत नसे, पण डॉ. मान्यांनी तेव्हा गावोगावच्या पोस्टांत कार्डं पाठवली होती : ‘छातीत कळ आली, घाम फुटला, तर आधी आम्हाला फोन करा.’ सहकारी हसले होते. हा पहिलाच फोन. शरणम्मांचे यजमान सिद्धलिंगप्पा यांना सकाळपासून कळ येत होती.

खाट तयार झाली. ऑक्सिजन आला. दोन तास झाले, पेशंट नाही.

“तुम्ही नक्की काय सांगितलंत?” चन्नम्मा सिस्टरनी विचारलं.

“बेड आहे म्हणालो.”

“अय्यो! डॉक्टर, कन्नडमध्ये ‘बेड’ म्हणजे ‘नको’!”

डॉक्टर अकलूजचे. त्यांना कन्नडचा गंध नव्हता. त्यांनी तातडीचा कॉल लावला. “आणि ‘या’ असं बोलवायचं तर काय म्हणतात?”

“बर्री.”

कॉल लागला तेव्हा सिस्टर दुसऱ्या पेशंटचं सलाइन बदलत होत्या. डॉक्टर एकटेच ओरडले, “बर्री! लवकर बर्री!”

या वेळी रिसीव्हर पोस्टमास्तरांच्या हातात होता. ते बार्शीचे. “बरी? तब्येत बरी हाय म्हनता? सांगतो, सांगतो!” आणि त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टर पुढचे दोन तास पुन्हा पुन्हा कॉल लावत राहिले, पण लाइन लागेना. शेवटी स्वतःच गावाला जायला ते गाडी काढायला सांगणार तोच दारात रिक्षा थांबली. फोनवरच्या निरोपांवर विश्वास न ठेवता शरणम्मा नवऱ्याला एसटीनं घेऊन आल्या होत्या.

“पेशंट न बघता एकदा नको म्हनतो, एकदा बरी म्हनतो! ह्यो कसला डाक्टर?” त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला. “आमाला दुसरा डाक्टर दावा. फोनवरचा सोडून कुनीबी चालंल की!”

सिस्टरनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांची बोटं आधीच सिद्धलिंगप्पांच्या घामेजल्या मनगटावर होती.

“मीच दुसरा,” ते म्हणाले.

झटका मोठा होता. पहिल्या रात्री डॉक्टर खाटेजवळून हलले नाहीत. तीन आठवड्यांनी सिद्धलिंगप्पा चालत घरी निघाले. शरणम्मांनी शेंगाचटणीचा डबा डॉक्टरांच्या हातात दिला.

“आनि त्या फोनवरच्याचं काय केलं?”

“बदली,” डॉक्टर म्हणाले. “अकलूजला.”

“लई चांगलं केलं. पर पोस्टातली कार्डं काढून टाकू नका,” शरणम्मा म्हणाल्या. “हितनं पुढं फोन तुमीच घेत जावा.”