मोठीबाईच्या जेवणाची सोय

"तू खुशाल जा. मांजरांच्या जेवणाचं मी बघतो," असं मी बायकोला म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात घास होता, त्यामुळे तिला ते नीट ऐकू गेलं नसेल अशी माझी एक भाबडी समजूत होती. पण आमच्या घरात नेमकी असलीच वाक्यं स्वच्छ ऐकू जातात.

"कसं बघणार?" तिने विचारलं.

"बघतो म्हणजे बघतो!" मी म्हणालो. (कसं, ते मलाही माहीत नव्हतं. पण माघार घेणं आमच्या रक्तात नाही.)

झालं होतं असं, की बायकोच्या थोरल्या बहिणीचं कंबरेचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर आठवडाभर तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. कुणीतरी म्हणजे माझी बायकोच. आईवडील गेल्यापासून त्या दोघींना हक्काचं दुसरं कुणी नाही. बायको रोज फोनवर "येते गं ताई, नक्की येते" म्हणायची आणि फोन ठेवला की मोठीबाईकडे बघून डोळे पुसायची.

मोठीबाई ही आमची म्हातारी मांजर. तोंडात दात नावापुरते उरलेत, त्यामुळे तिला कोरडं खाणं चालत नाही. पाकिटातलं ओलं, रसदार खाणं लागतं, तेही दिवसभरात थोडं थोडं करून. एकदम वाढलं तर ओकते, शिळं वाढलं तर वास घेऊन तोंड फिरवते, आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही तर अंथरूण धरते. तसं जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला दम देऊनच सांगितलं होतं. त्यात भर फौजदाराची. हा आमचा बोका. स्वतःचं संपवून दुसऱ्याच्या ताटाची झडती घ्यायला निघतो, म्हणून फौजदार. बायको घरीच शिवणकाम करते, तेव्हा मशीनवरून उठून ती मोठीबाईला भरवते आणि फौजदाराला हाकलते. मी सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो. शेजारच्या काकूंना सांगावं तर त्यांना मांजराचं नाव काढलं तरी शिंका येतात.

"मशीन आणू," मी जाहीर केलं. "आपोआप जेवण वाढणारं. अगं, मी कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. आजवर एवढे बॉयलर घेतले, एकाची तक्रार नाही!"

"बॉयलरला दात नसले तरी चालतं," बायको म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. शनिवारी सकाळीच दुकान गाठलं.

दुकानदाराने एक उंच डबा पुढे सरकवला. वरून खाणं भरायचं, वेळ झाली की खालून वाडग्यात पडतं. "ओलं खाणं चालेल ना?" मी खात्याच्या शिस्तीने विचारलं. "न चालायला काय झालं? लोक नेतात की!" तो म्हणाला. लोक नेतात हे मला पुरेसं वाटलं. घरी आणून डबा ओल्या खाण्याने भरला, वेळ लावली आणि आम्ही दोघं नि दोन्ही मांजरं पुढ्यात बसलो. वेळ झाली. डबा घुरघुरला. पडलं काहीच नाही. पुन्हा घुरघुरला. मी खालून चमचा घातला, वरून लाटणं घातलं, शेवटी पाठीवर एक थाप दिली. त्यासरशी सगळंच्या सगळं एकदम थप्पकन बाहेर आलं. थोडं वाडग्यात पडलं आणि बाकीचं माझ्या शर्टावर. फौजदाराने वाडगा सोडून मला चाटायला घेतलं.

"परत करा," बायको म्हणाली.

"परत करणारच. पण हार मानणार नाही."

दुसरं यंत्र गोल ताटलीसारखं होतं. चार खण, वर झाकण, खाली बर्फाची पिशवी. एकेक खण आपल्या वेळी झाकणाबाहेर सरकायचा. कल्पना उत्तम! फौजदारालाही ती पसंत पडली. पहिला खण संपवल्यावर त्याने पंजा घालून ताटली आपल्या सोयीने फिरवली, आणि मी चष्मा पुसून डोळ्याला लावेपर्यंत दिवसभराची जेवणं उरकून मिशा साफ करत बसला. मोठीबाईने रिकाम्या ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ऑडिटर बघतो तसं.

बायकोने भरून ठेवलेली बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवायला सुरुवात केली.

"काय करतेस?"

"ताईला कळवते. दुसरी कुणी बाई ठेव म्हणावं." तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही मनापासून करताय हो, पण हे काही जमायचं नाही. मी तिकडे जायची आणि ही इकडे उपाशी मरायची. मला नाही जमणार ते."

आता मात्र मला चेव आला. जिद्द म्हणजे काय हे त्या घराने तोवर बघितलं नव्हतं. मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला, (साहेबांनी कारण विचारलं, "घरी जेवणाचे हाल आहेत," मी म्हणालो. खोटं काय होतं त्यात?) आणि शहरातली दुकानं पालथी घातली. शेवटी एकदाचं हवं तसं यंत्र मिळालं. किंमत सांगत नाही. बायकोलाही सांगितलेली नाही.

या यंत्रात चार वेळचं खाणं गार राहायचं. मांजराच्या गळ्यात एक छोटा बिल्ला बांधायचा. बिल्लेवालं मांजर जवळ आलं तरच झाकण उघडणार, दुसऱ्या कुणाला नाही. एखादं जेवण चुकलं तर ते राखून ठेवणार आणि मांजर आलं की देणार. पुढ्यात एक फळी, तिच्यावर पाय पडला की वजन होणार. आणि हे सगळं मोबाइलवर कळणार, माझ्याही आणि बायकोच्याही.

"म्हणजे ती जेवली की मला तिकडे कळेल?" बायकोने विचारलं.

"घास गिळायच्या आत!"

बॅग पुन्हा भरली गेली. तिकडे ताईचं ऑपरेशनही नीट पार पडलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटची चाचणी घेतली. आमच्या खात्याचा नियमच आहे, की चाचणी झाल्याशिवाय माल ताब्यात घ्यायचा नाही. मोठीबाईच्या गळ्यात बिल्ला बांधून तिला चार वेळा ये-जा करायला लावायचं म्हणजे तिचा अपमान. म्हणून बिल्ला मी माझ्या ऑफिसच्या आयकार्डाच्या नाडीला अडकवला आणि स्वतःच यंत्रापुढे वाकलो. टुक! झाकण उघडलं. मागे सरलो, मिटलं. वाकलो, उघडलं. असं बऱ्याच वेळा केलं, कारण मजा येत होती.

"अहो, रिक्षा आली!" बाहेरून हाक आली. मी बॅगा उचलल्या, बायकोला गाडीत बसवलं आणि तसाच ऑफिसला गेलो.

दिवसभर मी कॉलर ताठ करून वावरलो. मोबाइल तेवढा अधूनमधून कळवायचा, 'मोठीबाई अजून जेवायला आलेली नाही.' रुसली असेल, मी मनात म्हटलं. मालकीण गेली की घशाखाली घास उतरत नाही मुक्या जीवांच्या. मीही दुपारी डबा खाताना दोन मिनिटं उदास झालो.

संध्याकाळी घरी आलो आणि चहा टाकला. यंत्र ओट्याखाली ठेवलं होतं, कारण मोकळा प्लग तिथेच. शेजारीच खालचं फडताळ. मी फडताळाशी वाकलो. टुक! मोबाइल वाजला : 'मोठीबाई जेवत आहे.' मागून लपालप आवाज आला. मला भरून आलं. वळून बघितलंही नाही. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवावा. थोड्या वेळाने पुन्हा वाकलो. टुक! पुन्हा 'मोठीबाई जेवत आहे.' भूक लागली असेल बिचारीला. अशी तिची चारही जेवणं झाली.

चहा घेऊन बाहेर येतो तर मोठीबाई दारात उभी. तिने जो हंबरडा फोडला तो मांजराचा वाटतच नव्हता.

"अगं, आत्ताच ना जेवलीस?" मी म्हणालो. "हे बघ." मी तिला मोबाइल दाखवला. तिने मोबाइलवर पंजा मारला. "आता ओरडून काही उपयोग नाही. जास्त झालं की ओकतेस."

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, मोठीबाईचं वजन बघितलंत का?"

"नाही बुवा. का गं?"

"ब्याऐंशी किलो दाखवतंय!"

मी चष्मा सावरला. मग खरेदी विभागाच्या अनुभवातून म्हणालो, "टिंब चुकलं असेल."

"आठ किलोचीसुद्धा नाही हो ती! आणि खाली लिहिलंय, मांजरीचं वजन चिंताजनक आहे, तिला फिरायला न्या. तिच्या गळ्यात बिल्ला आहे ना? बघा आधी."

मी बघितलं. गळ्यात काही नव्हतं. कॉटखाली, सोफ्यामागे, शिवणमशीनच्या खणात, सगळीकडे बिल्ला शोधला. शेवटी यंत्राच्या मागे पडलाय का म्हणून वाकलो. टुक! झाकण उघडलं आणि कोपऱ्यातून फौजदार जेवायला धावला. त्याला आता टुक म्हटलं की कळत होतं. त्याचं पोट जमिनीला टेकलेलं. मी हळूच मान खाली घातली. नाडीला माझा फोटो लोंबत होता, आणि फोटोच्या शेजारी बिल्ला. खाली माझे दोन्ही पाय फळीवर.

"सापडला?" फोनवरून बायको.

"सापडला."

"कुठे होता?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण दारात ती म्हातारी पाय गोळा करून बसली होती. सकाळपासून पोटात कण नाही, आणि वर मी तिला मोबाइल दाखवलेला. माझी मलाच लाज वाटली. सांगून टाकलं.

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "मी सकाळच्या गाडीने निघते."

"मुळीच नाही! मला थोडा वेळ दे. तुला येऊ देणार नाही!"

फोन तसाच चालू ठेवून मी कामाला लागलो. फौजदाराला मोरीत कोंडलं. वाडगे धुतले, नवीन पाकिटं फोडून भरली. मोठीबाईच्या गळ्यात बिल्ला बांधताना तिने दोन्ही हातांवर ओरखडे काढले, ते मी मुकाट्याने घेतले. माझं येणंच होतं ते. मग तिला फळीजवळ सोडलं आणि श्वास रोखून लांब उभा राहिलो. ती पुढे गेली. टुक! ती दचकली, थांबली, वास घेतला, आणि डोळे मिटून खायला लागली. मी तिथेच जमिनीवर बसलो. रडलो म्हणत नाही, पण चष्मा काढावा लागला.

बायकोकडे मोबाइल वाजल्याचं ऐकू आलं. तिने मोठ्याने वाचलं, "अभिनंदन. तुमच्या मांजरीने एकोणऐंशी किलो वजन कमी केलं आहे."

मग तिकडून दोघींच्या हसण्याचा असा काही आवाज आला, की बायकोच ओरडली, "ताई, हसू नकोस गं, टाके तुटतील!"

"मग? राहतेस ना?" मी विचारलं.

"राहते." ती नाक ओढत म्हणाली. "मशीन खरंच छान आहे हो. पण मला एक सांगा, संध्याकाळी चार वेळा फडताळाशी वाकलात ते कशाला? तिथे तर बिस्किटांचा डबा आहे. आणि डॉक्टरांनी तुम्हाला बिस्किटं बंद केलीत."

मी 'रेंज जातेय' म्हणून फोन ठेवला.

तिने तिथूनच आणखी एक बिल्ला मागवला. तो आता माझ्या आयकार्डाला असतो; त्याने झाकण उघडत नाही, नुसती वर्दी जाते. मी फडताळाशी वाकलो की तिला तिकडे कळतं, आणि माझ्या घशाखाली बिस्किट उतरायच्या आत फोन वाजतो. नवीन बिल्ला जोडताना 'मांजर की कुत्रा' एवढंच विचारतात. तिने काय निवडलं ते मला सांगितलेलं नाही. पण आज सकाळी माझ्या मोबाइलवर सूचना आली, की मला जंताचं औषध द्यायची वेळ झाली आहे.