सौसर मला पाठ आहे

आवाजाच्या बाबतीत मी नम्रपणा करत नाही. पांढुर्ण्याच्या कबड्डी संघात खेळाडू सात आणि आठवा मी, असं मी स्वतःच सांगतो, आणि अजून कोणी ते खोडून काढलेलं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या जत्रेत जाम नदीच्या या काठावरून समोरच्या सावरगावला आवाज देत वाढलेली माणसं आम्ही. आम्हाला भोंगा लागत नाही. आमचा हेमराज चढाईला समोरच्या अंगणात शिरला, की मी बाहेरून त्याला वाट दाखवतो. "हेमराज, डावा कोपरा मोकळा हाय!" मैदानात पाय त्याचे असतात, डोळे माझे!

तरीही मागच्या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात आम्ही सौसरकडून हरलो. कारण उघड होतं. आवाज कमी पडला.

म्हणून यंदा सामना सौसरलाच आहे म्हटल्यावर मी कंबर कसली. सुखदेवची संत्री वाहणारी पिकअप ठरली, राजूचा ढोल आला आणि मागे पाय ठेवायला जागा उरली नाही इतके पोट्टे चढले. संघ सकाळीच पुढे गेला होता. जाण्याआधी हेमराज मला काहीतरी सांगायला आला होता, पण मी राजूसोबत ढोलाची दोरी आवळत होतो. काळजी करू नको, वेळेवर पोहोचतो, एवढं सांगून मी त्याला वाटेला लावलं.

माझ्या बायकोने, अपर्णाने, निघताना एकच गोष्ट सांगितली. सौसर तिचं माहेर. चाललाच आहात तर आईबाबांना भेटून या, म्हणाली. मी हो म्हटलं आणि फाटकाबाहेर पडताच विसरलो. सासरी पाऊल टाकलं की अर्धा दिवस गेला म्हणून समजा. आम्हाला तर सौसरचा चहाही न पिता ट्रॉफी घेऊन परतायचं होतं.

वाटेत सुखदेवने मोबाइलवर रस्ता लावला. त्यातली बाई बोलायला लागली तसा मी फोन बंद करायला लावला. गावचा जावई गाडीत बसलेला असताना परक्या बाईला रस्ता काय विचारायचा!

"सौसर मले पाठ हाय," मी म्हटलं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्या लोकांची मान जरा वरच असते. सौसर आता आमच्या जिल्ह्यात. त्यामुळे गाडी गावात शिरली तेव्हा मागे उभे असलेले पोट्टे तपासणीला आलेल्या साहेबांसारखे गाव पाहत होते. समोसे लहान आहेत, असा पहिला शेरा राजूने मारला. रस्ता चांगला निघाला, पण तो आमच्या जिल्ह्यात आल्यामुळेच चांगला झाला असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एका चौकात संत्र्यांचे ढीग लागले होते, आमच्याकडच्यापेक्षा मोठे. त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

आता कुठे वळू, असं सुखदेवने विचारलं. मी डावीकडे म्हटलं. थोड्या वेळाने तोच चौक आला. मग मी उजवीकडे म्हटलं. पुन्हा तेच संत्र्यांचे ढीग! पुढच्या फेरीला तर संत्रीवाल्याने ओळखीचं हसून आम्हाला हात केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी सौसर कधी पाहिलंच नव्हतं! जावई सासरी येतो म्हणजे करतो काय? स्टँडवर मेहुणा मोटरसायकल घेऊन उभा असतो. तो घरी नेतो. जावई दिवाणावर बसतो, जेवतो, पंख्याखाली झोपतो, चहा पितो आणि मेहुणा त्याला पुन्हा स्टँडवर सोडतो. इतक्या वर्षांत मला पाठ झाला होता तो सासऱ्यांच्या बैठकीतला पंखा. त्याच्या एका पात्यावर निळ्या रंगाचा डाग आहे. पण त्यावरून कबड्डीचं मैदान सापडत नाही.

शेवटी सुखदेवने पानठेल्यावरच्या एका माणसासमोर गाडी थांबवली. तो काही विचारणार, तोच त्या माणसाची नजर माझ्यावर पडली.

"यशवंतरावचे जावई न तुमी? चाला माया मांगं," असं म्हणून त्याने मोटरसायकलला किक मारली.

ओळख म्हणतात ती ही, मी सुखदेवला ऐकवलं. मागे राजूने ढोल धरला. वाजतगाजत आमची पिकअप एका गल्लीत शिरली आणि थांबली. समोर माझ्या सासऱ्यांचं दार!

त्या माणसाला दोष देता येत नाही. गावात जावई उतरला की त्याला कुठे जायचंय हे विचारायची आमच्याकडे रीत नाही, सासरी पोहोचवायची रीत आहे.

ढोल ऐकून यशवंतराव बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं, मग गाडीभर पोट्टे पाहिले, आणि आत वळून सासूबाईंना भाताचं मोठं पातेलं काढायला सांगितलं. मामाजी, मॅच आहे, आम्ही निघतो, असं मी हात जोडून म्हटलं.

"जावई दारातून उपाशी गेला, त सौसरचं नाक राहीन काय?" ते म्हणाले.

मी आधारासाठी मागे वळलो. राजू पाय धुऊन आत पोहोचला होता. सासूबाई कलाबाईंनी माझ्या चपला कुठेतरी लपवल्या आणि ढोल देवघरात नेऊन ठेवला. म्हणजे पळायची सोय संपली.

गल्लीतल्या घराघरांतून पोळ्या यायला लागल्या. बेसनाच्या पातोडीचा रस्सा आला, कढी आली, भातावर तुपाची धार पडली. मघाशी समोशांना नावं ठेवणारे आता सौसरचं पाणी किती गोड, माणसं किती मायाळू, असं बोलायला लागले. रस्सा तिसऱ्यांदा घेताना राजू म्हणाला, "खरं म्हणजे जिल्हा इथंच द्याले पायजे होता."

माझं लक्ष मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. इकडे आम्ही रस्सा ओरपत होतो आणि तिकडे माझा हेमराज परक्या गावात, परक्या गर्दीत, डोळ्यांशिवाय खेळत होता! तिसरी हार ठरलेली, आणि ती माझ्यामुळे. मला खरंच रडू येत होतं. सासूबाईंना वाटलं, रस्सा तिखट झाला. त्यांनी वर अजून तूप वाढलं.

चपला आणि ढोल परत मिळायला जितका वेळ लागला, तितकाही मैदानावर पोहोचायला लागला नाही. दोन गल्ल्या सोडून तर होतं! पण लोक घरी निघाले होते. हेमराज रेषेजवळ बसून पायाची पट्टी सोडत होता. मी धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि भर मैदानात हुंदके दिले. माफ कर, माझा आवाज नव्हता म्हणून हरलास, असं काहीबाही बडबडलो.

"कोन हरलं?" हेमराजने विचारलं आणि मागची ट्रॉफी पुढे केली.

जिंकलो! आम्ही जिंकलो होतो! राजूने ढोलावर अशी थाप मारली की चामडं फाटता फाटता वाचलं. मी ट्रॉफी डोक्यावर घेऊन नाचत होतो, तेवढ्यात सौसरचा कप्तान पडेल चेहऱ्याने जवळ आला.

"कुठं होते जी तुमी?" तो मला म्हणाला. "आमी त तुमच्याच भरोशावर होतो."

मी हेमराजकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

"सकाळी थेच सांगाले आलो होतो भाऊ," तो हळूच म्हणाला. "तू डावा कोपरा मोकळा हाय म्हणून ओरडते, थे मले आयकू येते, तसं या सौसरवाल्यायलेबी येते. मी पोचेपर्यंत कोपरा भरून राहते."

परतीच्या वाटेवर संघही दाटीवाटीने पिकअपमध्येच चढला आणि सगळे गात होते. मी पुढे ट्रॉफी मांडीवर घेऊन बसलो होतो. मागून हेमराजने काचेवर टकटक केली. पुढची मॅच मुलताईला आहे, म्हणाला, तिकडे कोणाची सासुरवाडी आहे का?

कोणाचीच नव्हती. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा राजूकडे वळल्या. राजूचं लग्न व्हायचंय.

परवापासून अख्खा संघ त्याच्यासाठी मुलताईची मुलगी शोधून राहिला आहे. मला त्या कामात घेतलेलं नाही. बोलणी पक्की होईपर्यंत गावभर व्हायला नकोत म्हणे.