सरंजामे बिल्डिंगचं तथास्तु

केतकी लहानपणी तापानं फणफणली तेव्हा शरयूताईंनी नवस बोलला होता की, पोर उठून बसली तर मी छपराखाली कधी अभद्र बोलणार नाही. आणि त्यांच्या गावात हे शहाणपणाचंच होतं, कारण कोल्हापूरच्या जुन्या पेठेतली सरंजामे बिल्डिंग माणसाच्या एका वाक्याला मोठ्यानं ‘तथास्तु’ म्हणते.

माणशी एकदाच, आणि मनापासून बोललेल्या वाक्याला. खाली कापडाची पेढी होती तेव्हाही म्हणायची, आता इटालियन हॉटेल आहे तरी म्हणते. वेटर मेन्यूकार्ड देतानाच सांगतो, जपून बोला. मागं एक वकील पास्त्यावरचं चीज बघून म्हणाले होते, बघूनच पोट भरलं. त्यांना त्यानंतर भूक लागलेली नाही. बाकी तब्येत उत्तम आहे.

केतकी वाढदिवसाला पुण्याहून घरी आली, तेव्हा दोघी मायलेकी तिथं गेल्या. एक गोष्ट शरयूताईंनी तिला सांगितली नव्हती. शेजारच्या टेबलावर सांगलीचे पाटणकर मुलाला घेऊन पिझ्झा खात बसले होते, ते मुलगी बघायला आले होते. पाटणकरबाईंनी वळून, स्वयंपाक येतो ना गं, असं विचारलं तेव्हा केतकीला उलगडा झाला. तिनं काटा खाली ठेवला.

“आई, तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही मला.”

वरच्या सागवानी तुळया म्हणाल्या, “तथास्तु.”

केतकीनं मान वर केली. तिला आईची काठपदराची साडी दिसत होती, बांगड्या दिसत होत्या, मंगळसूत्रही. त्याच्या वर नुसती भिंत. ती रडायला लागली. पाटणकरांनी उरलेला पिझ्झा बांधून घेतला.

मॅनेजर जमदाडे आले. दिलेलं तथास्तु इमारत मागं घेत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. वरपर्यंत विचारून झालं होतं.

“पण काकू, तुमचं अजून शिल्लक आहे,” ते म्हणाले. “फक्त तिचं खोडायला जाऊ नका. तुमचंही वाया जाईल.”

शरयूताईंनी लेकीकडे बघितलं. इतकी वर्षं जपलेलं ते एक वाक्य त्यांनी लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवलं होतं. पाटणकरांचा मुलगा तसा वाईटही नव्हता. मग त्यांनी पदर सारखा केला.

“हिचं तोंड मला रोज दिसू दे,” त्या म्हणाल्या. “हसतं नसलं तरी चालेल.”

“तथास्तु.”

पुढच्याच आठवड्यात केतकीच्या पुण्याच्या कंपनीनं तिला घरूनच काम करायला सांगितलं. आता मायलेकी रोज समोरासमोर बसून जेवतात. केतकी हात पुढं करून आईचा गाल चाचपते. “हसतीयेस का?” असं विचारते. गाल ओला लागला तर काही विचारत नाही, कोशिंबीर पुढं सरकवते. तिला एका शब्दानं आधी विचारलं असतं तर, असं शरयूताईंना अजून वाटतं. तसं वाटलं की त्या हातातला घास तसाच धरून आधी लेकीचं तोंड डोळे भरून बघतात, आणि मग जेवतात.

बायांनो, तुम्हीही पहिल्या घासाआधी समोरच्या माणसाचं तोंड एकदा नीट बघून घेत जा.