घरचा कॅन

दूध हे पूर्णान्न आहे, आणि पूर्ण म्हटल्यावर त्यात सगळंच आलं. कॅल्शियम आलं, जस्त आलं, चिमूटभर तांबं आलं. शिसं आलं तेव्हा मात्र डेअरीच्या तपासनिसांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला.

शिसं येत होतं ओढ्याकाठच्या गोठ्यांतून. ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारा कारखाना होता. कारखान्याचं पाणी ओढ्यात, ओढ्याचं पाणी गाईंत आणि गाईंचं दूध डेअरीत, असा हा कारभार कुठेही न अडखळता चालला होता. (त्या भागात इतकं सुरळीत दुसरं काहीच चालत नव्हतं.)

तपासनीस सरळ माणूस. त्यांनी अहवाल वर पाठवला आणि बैठक लागली. अध्यक्षांनी विषय अत्यंत गांभीर्याने घेतला व उकळल्यावर शिसं जातं का, असं विचारलं. तपासनीस म्हणाले, पाणी जातं, शिसं राहतं. विक्री विभागाच्या साहेबांनी पिशवीवर ‘खनिजांनी समृद्ध’ असं छापण्याची सूचना मांडली. त्यात खोटं काहीच नव्हतं. गोठेवाल्यांचं दूध नाकारता येत नव्हतं, कारण अध्यक्षांना निवडून देणारे तेच. कारखान्याला जाब विचारता येत नव्हता, कारण तो अध्यक्षांच्या मेव्हण्यांचा, आणि घरातल्या माणसाशी असं तुटक वागणं बरं दिसत नाही.

सखोल चर्चेअंती असं ठरलं, की ओढ्याकाठचं दूध डोंगराकडच्या गावांच्या स्वच्छ दुधात मिसळावं, म्हणजे आकडा मर्यादेत बसेल. शिसं कमी होणार नव्हतं, फक्त सगळ्यांना सारखं मिळणार होतं. आजवर इतकं न्याय्य वाटप डेअरीला कशाचंच जमलं नव्हतं. मिसळण्याचं प्रमाण तपासनिसांनीच काढून दिलं. गणित बरोबर सुटलं की त्यांना बरं वाटे.

आता डेअरीतल्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. डोंगराकडच्या दुधाचा एक कॅन रोज बाजूला काढून ठेवत. त्याला सगळे ‘घरचा कॅन’ म्हणत, आणि त्यातलं दूध कर्मचाऱ्यांच्या घरी जाई. यात संशयाचा भाग नव्हता. सोयीचा होता. तपासनीसही त्यातलंच नेत. बायको गेल्यापासून दूध तापवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. (ती होती तोवर दुधाबद्दल आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची समजूत होती.) सध्या मुलगी माहेरी आली होती आणि नुकतीच चालायला लागलेली नात पेला पुढे करत घरभर फिरत होती.

मिसळायला सुरुवात झाली आणि स्वच्छ दूध कमी पडू लागलं. तेव्हा अध्यक्षांनी घरचा कॅनही टाकीत ओतण्याचा हुकूम काढला. इतके दिवस शांत असलेली डेअरी पेटून उठली. हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे, असं टँकरच्या ड्रायव्हरपासून हिशेबनिसांपर्यंत सगळे म्हणू लागले. (लोक म्हणजे कोण, हे कुणी कुणाला विचारलं नाही.) अध्यक्षांनी समजूत काढली. दूध मर्यादेत आहे, खाली तपासनिसांची सही आहे, मग भीती कसली? यावर शिपाई तपासनिसांना एवढंच म्हणाला, “तुम्ही आधी प्या साहेब, आम्ही आहोतच मागे.”

संध्याकाळी तपासनीस डेअरीची पिशवी घेऊन घरी गेले.

“बाबा, आज पिशवीचं?” मुलीने विचारलं.

“मर्यादेत आहे.”

“ते नाही विचारलं मी. हिला देऊ का, ते सांगा.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. “थांब जरा,” असं म्हणून त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि चौकातलं दुकान गाठलं. तिथे दुसऱ्या डेअरीचं दूध मिळे. त्यांनी त्याची एक पिशवी उचलली. शेजारी पाहतात तर त्या दुसऱ्या डेअरीचे तपासनीस उभे, आणि त्यांच्या हातात ह्यांच्या डेअरीची पिशवी.

“नातू आलाय,” ते जरा ओशाळून म्हणाले. “तुमचं चांगलं असतं ना हो?”

“मर्यादेत आहे. तुमचं?”

“आमचंही मर्यादेतच.”

दोघांनी हातातल्या पिशव्या जपून खाली ठेवल्या, एकमेकांना नमस्कार केला आणि रिकाम्या हातांनी आपापल्या घरी गेले.

“नको देऊस,” तपासनिसांनी मुलीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डेअरीत जाऊन त्यांनी नेहमीसारखी सही केली. आकडा बरोबर होता.

त्या दोन पिशव्या दुकानदाराने पुसून परत फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. सकाळी सकाळी तुम्ही त्या दोन्ही घेऊन गेलात. दुकानदार तुमचं फार कौतुक करतो. म्हणतो, गिऱ्हाईक असावं तर असं चोखंदळ, तारीख वाचल्याशिवाय पिशवीला हात लावत नाही.