एकोणतीस फेब्रुवारीचा पाठमोरा गायक

एकोणतीस फेब्रुवारीचं कार्ड कोरं होतं.

रेडिओ केंद्रातल्या लांबट लाकडी खोक्यात वर्षाच्या प्रत्येक तारखेचं एक कार्ड होतं. त्या दिवशी कोणता गायक जन्मला, कोण गेलं, कोणतं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं, हे सगळं त्या कार्डावर. त्यावरून दोन मिनिटांचं 'आजच्या दिवशी' लिहायचं, आणि निवेदिकेने ते सकाळी साडेसातला वाचायचं. लिहिणाऱ्या गृहस्थांना अख्खं केंद्र 'तारीखवाले' म्हणत असे. बाकी कार्डांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. पण चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या या तारखेला जन्मायची किंवा मरायची कोणाला हौस नसावी. कार्डाचा कागद तेवढा मधोमध झिजून पातळ झाला होता.

तारीखवाल्यांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. तीन वर्षं ते सहा-सहा महिन्यांच्या करारावर काढत होते, आणि त्यांना कायम करण्याची फाइल उद्याच साहेबांपुढे सहीला जाणार होती. साहेब म्हणजे सत्याचे पुतळे. एका निवेदकाने एका गायिकेचं जन्मवर्ष दोन वर्षांनी चुकवलं, तर त्याला त्यांनी कायमचं हवामानाच्या बातम्यांना बसवलं होतं. अशा माणसाला 'उद्या काही घडलेलं नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेव्हा तारीखवाल्यांनी एक गायक निर्माण केला. तो याच तारखेला जन्मला, याच तारखेला त्याने आपलं एकमेव गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि याच तारखेला वारला. एका दगडात तीन पक्षी. फोटो कुठे आहे असं कोणी विचारलं तर? म्हणून तो श्रोत्यांकडे पाठ करून गात असे. लोक त्याला 'पाठमोरा' म्हणत. साथीला एक अनाम अकॉर्डियनवादक. गाण्यापूर्वी तो उजव्या पायातला बूट काढून ठेवी, असंही त्यांनी लिहिलं. मग अति होतंय म्हणून ते वाक्य गिरबटून टाकलं. रचताना हात इतका सरसर चालला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला पाठमोरा वाचला गेला. आठ वाजता पहिला फोन आला.

"अहो, किती वर्षांनी नाव ऐकलं!" पलीकडून एक बाई म्हणाल्या. "माझ्या आत्याच्या लग्नात गायले होते ते. आत्या शेवटपर्यंत म्हणायची, चेहरा काही दिसला नाही बघ."

पाठोपाठ एका सलूनवाल्याचा फोन. "आमचे वडील त्यांचे केस कापायचे. त्यांना काय, मागूनच ओळखू यायचे!"

दहापर्यंत सतरा फोन झाले. तारीखवाले आधी हसले, मग त्यांना घाम फुटला. लोक थापा मारतात हे त्यांना ठाऊक होतं. पण सतरा जणांच्या थापा एकमेकींशी जुळतात कशा? गाणं कातरवेळेचं होतं, असं चौघांनी सांगितलं होतं. गाणं कसलं होतं हे तर त्यांनी लिहिलंच नव्हतं.

अकराला साहेबांनी बोलावलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मुख्यालयातून फोन होता," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "त्यांनीही ऐकलं. संध्याकाळी सातला त्या... त्या गायकावर अर्धा तास करायचा. गाण्यासकट."

"साहेब, गाणं सापडलं नाही तर?"

"शोधा." साहेबांनी फाइल बाजूला सरकवली. "तुम्हाला ही माहिती दिली कोणी?"

"कार्डावर होती," तारीखवाले म्हणाले. साहेबांनी पहिल्यांदाच टेबलावरून नजर उचलली. फाइल तिथेच होती, सही न झालेली.

रेकॉर्डच्या खोलीत चार तास धूळ खाऊन काही मिळालं नाही. मिळणार कसं? तरी प्रत्येक तबकडी ओढताना तारीखवाल्यांच्या छातीत धस्स होत होतं. आता त्यांना भीती गाणं न सापडण्याची नव्हती, सापडण्याची होती.

चारला निरोप आला की खाली एक आजोबा आलेत. ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा कोट घातलेले आणि मांडीवर अकॉर्डियन घेऊन बसलेले.

"मी त्यांच्या साथीला होतो," आजोबा म्हणाले. "सकाळी तुम्ही माझा उल्लेख केलात. बरं वाटलं."

"तुम्ही... त्यांना पाहिलंय?"

"पाहिलंय म्हणजे, मागून. मोठा विक्षिप्त माणूस हो. गाण्याआधी उजव्या पायातला बूट काढून ठेवायचा."

तारीखवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ते वाक्य कोणी वाचलं नव्हतं. तो कच्चा कागद फाडून त्यांनी स्वतः टोपलीत टाकला होता.

आता नोकरी गेली तरी चालेल, पण हे एकट्याने सोसवत नाही, असं वाटून ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, तो गायक नव्हताच. मी बनवलाय. आणि खाली त्याचा साथीदार येऊन बसलाय. मी खोडलेला बूटसुद्धा त्याला ठाऊक आहे."

साहेब ओरडले नाहीत. उठले, दार लावलं आणि हळूच म्हणाले, "तुम्ही नाही बनवला. मी बनवला."

"काय?"

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी. तेव्हा तुमच्या टेबलावर मी होतो. हीच तारीख, हेच कोरं कार्ड. बूटसुद्धा माझाच, कातरवेळेचं गाणंही. नंतर इतकी लाज वाटली की कार्डावरची नोंद रबराने घासून काढली. तेव्हापासून खोट्याचा मला तिटकारा आहे. सकाळी रेडिओवर तो पुन्हा ऐकला, तेव्हा वाटलं, कोणीतरी सूड घेतंय."

तारीखवाल्यांनी मनात हिशेब केला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते आठ वर्षांचे होते. शाळेत जायच्या आधी दुधाचा पेला घेऊन ते रेडिओपाशी बसत, आणि वडील म्हणत, आटप लवकर. म्हणजे रात्रभर स्वतःचंच म्हणून ज्याचं कौतुक केलं, ते ऐकीव निघालं! त्या सतरा जणांनीही तेव्हाच ऐकलं असणार आणि कालांतराने तो त्यांना आत्याच्या लग्नात भेटला असणार. दोघांनाही एकदम हलकं वाटलं. साहेब तर चक्क हसले.

"मग खालचे आजोबा?"

"चला, विचारू."

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली घालून ते अकॉर्डियनचा पट्टा चाचपू लागले.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं वाजवलं हो. शेकडो गाण्यांत आहे मी. एकाही तबकडीवर नाव नाही, नुसतं 'वाद्यवृंद'. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी रेडिओवर ऐकलं, एक अकॉर्डियनवाला होता, नाव कोणाला ठाऊक नाही. म्हटलं, तो कोणीच नाही, तर मीच. घरी सांगितलं, नातवंडांना सांगितलं. चालसुद्धा बांधली. चुकलंच माझं. जातो मी."

तारीखवाल्यांना गलबलून आलं. साहेबांनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं. "नुसती चाल वाजवा. गायक नको. आणि नाव तुमचं घेऊ, आडनावासकट. त्यात काही खोटं नाही."

सातला निवेदिकेने आजोबांचं नाव घेतलं. काचेपलीकडे आजोबा ताठ बसले, डोळे पुसले आणि वाजवू लागले. कातरवेळेची उदास चाल होती. साहेब, तारीखवाले आणि ध्वनितंत्रज्ञ अलीकडे उभे राहून ऐकत होते.

पहिलं कडवं संपलं आणि कोणीतरी गाऊ लागलं.

आवाज मऊ होता, किंचित दूरचा. भिंतीकडे तोंड करून गाणाऱ्याचा येतो तसा. तंत्रज्ञाने एकेक बटण खाली ओढलं. "माइक एकच चालू आहे," तो पुटपुटला. "आणि तो अकॉर्डियनसमोर आहे." त्याने तेही बटण ओढलं. अकॉर्डियन ऐकू येईनाशी झाली, आवाज थांबला नाही. त्याने घाईघाईने बटण परत वर केलं.

काचेपलीकडचे आजोबा मुळीच घाबरले नव्हते. गायक श्वास घेई तिथे ते थांबत होते, तान लांबली की दम धरून साथ देत होते. शेवटचा सूर दोघांनी बरोबर सोडला.

आजोबा बाहेर आले ते फुललेल्या चेहऱ्याने. "सुरात होता ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, नातवंडं ऐकत होती, असं म्हणत घरी निघाले.

टेलिफोन बोर्डावरचे सगळे दिवे लुकलुकत होते. कोणी फोन उचलला नाही. साहेबांनी काखेतली फाइल काढली आणि पहिल्या पानावर, दुसऱ्या पानावर आणि गरज नसताना तिसऱ्याही पानावर सही ठोकली.

"अभिनंदन. कायम झालात."

"साहेब, पण मी तर खोटं..."

"ते राहू दे. मी दोन वर्षांत निवृत्त होतोय. पुढच्या एकोणतीस फेब्रुवारीला इथे कोणीतरी माहितगार माणूस असायला हवा. तो येईल तेव्हा."

तीन वर्षं तारीखवाल्यांनी या फाइलची स्वप्नं पाहिली होती. बायकोने तर पेढ्यांऐवजी काय वाटायचं इथपर्यंत ठरवून ठेवलं होतं. त्यांनी फाइल दोन्ही हातांत घेतली, आपलं नाव नीट वाचलं, सहीची शाई वाळलीय का ते बोटाने पाहिलं.

"साहेब," ते अजिजीने म्हणाले, "कायम माणसाला बदली मागता येते ना?"