पासष्ट किलोचा स्वार

नामाभाऊ वजन करायला येत तेव्हा आधी चपला काढत. मग टोपी, मग घड्याळ, मग खिशातला तंबाखूचा बटवा. मग सदरा. शेवटी काट्यावर चढून पोट आत घेत आणि छातीतली हवा सोडून देत. एकदा मी विचारलं, "हवा कशाला सोडता?" तर म्हणाले, "हवेला पण वजन आसतं भाऊ. तिसरीत शिकवलंय."

गावच्या दूध संस्थेचा मी सचिव. आमचं गाव आळे गावाच्या पुढे, शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचं. रविवारी सकाळचं संकलन आटोपलं, कॅन गाडीत चढले, की काटा मोकळा होई आणि नामाभाऊ दारात उभे असत. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी काट्याने एक्क्याण्णव किलो चारशे दाखवले. नामाभाऊ म्हणाले, "लिवून ठिवा कुठंतरी. पण मोठ्यानं वाचू नका."

मी एक जुनी वही घेतली आणि लिहून ठेवलं. आकडा दिसला की लिहायचा, ही माझी खोड आहे.

एका रविवारी ते मिशी काढून आले. चाळीस वर्षांची झुपकेदार मिशी. ओठ नुसता उघडा पडला होता, बघवत नव्हतं. काट्यावर उतावीळपणे म्हणाले, "आता किती?" मी म्हटलं, "नामाभाऊ, हा काटा शंभर ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. मिशी त्यात दिसायची नाही."

"म्हंजे वाया गेली?"

"गेली."

ते बराच वेळ ओठावरून हात फिरवत बसले.

हे सगळं कशासाठी, तर मैनासाठी. मैना म्हणजे त्यांची घोडी. आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतीत गाड्याच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि तिच्या मागे बैल घाट चढून जातात. घाट म्हणजे शर्यतीची चढण. नामाभाऊंनी तरुणपणी असे किती घाट मारले ते तेच सांगत, आणि दर वेळी आकडा वेगळा सांगत, म्हणून मी तो लिहिलेला नाही. मग शर्यतींवर बंदी आली. घोडी गोठ्यात बसली, हे ओट्यावर बसले. बंदी उठली तेव्हा घोडी होती तशीच होती. हे मात्र तीस किलोने वाढले होते.

बैल चुलतभाऊ सुदामचे. घोडीतही त्याचा अर्धा वाटा. सुदाम माणूस वाईट नाही, पण सरळ बोलतो. दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर म्हणाला, "नामादादा, घोडीची कंबर मोडंल. चैताच्या यात्रंला पासष्टच्या आत आला तर तू बस. न्हाई आला तर खेडचं गिऱ्हाईक हाय, घोडी देऊन टाकू. माझा स्वार वेगळ्या घोडीवर बसंल."

"दुसरा स्वार मैनावर का नाय बसवत?" कुणीतरी विचारलं.

"बसवला व्हता. तिघांना पाडलं तिनं."

नामाभाऊ लाडू खाली ठेवून उठले. तो त्यांचा शेवटचा लाडू.

आता पासष्ट किलो म्हणजे सव्वीस किलो चारशे ग्रॅम उतरवायचे. वय चोपन्न. पायी चालून, भाकरी कमी करून हे जमणारं नव्हतं, हे मी त्यांना भागाकार करून दाखवलं. ते म्हणाले, "शेकंदाचा खेळ हाय भाऊ, माणूस शेकंदासाठी काय बी करतो." हे त्यांचं पालुपद. कांद्याच्या भावापासून लग्नाच्या मुहूर्तापर्यंत सगळीकडे ते हेच म्हणत.

पण वजन उतरायला लागलं. नव्वद. अठ्ठ्याऐंशी सहाशे. सत्याऐंशी शंभर. संक्रांतीला एकोणऐंशी पाचशे. मला संशय आला, कारण आकडे फार शिस्तीत पडत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सांगितलं.

त्यांच्या बायकोला, शेवंतावहिनींना, नऊ वर्षांपासून साखर आहे. गोळ्यांनी भागेना म्हणून दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी आठवड्याला एक असं पेनचं इंजेक्शन सुरू केलं. एका पेनात चार आठवड्यांचे डोस. वहिनींची भूक गेली, महिन्यात तीन किलो उतरले. वहिनींना त्याचं काही नव्हतं. नामाभाऊंचे मात्र डोळे चमकले.

"मग तुम्ही वेगळं पेन आणता?"

"वेगळं कशाला? लई म्हाग हाय ते. इहिरीच्या पाण्यासारखं केलंय. एक आठवडा तिची पाळी, एक आठवडा माझी."

आमच्याकडे भावाभावांत विहीर सामाईक असते. एक दिवस याची मोटर, एक दिवस त्याची. एकाची पाळी हुकली तर बिघडत नाही, तोवर विहिरीला पाणी चढलेलं असतं. चार पिढ्या याच हिशोबावर शेती झाली. नामाभाऊंनी तोच हिशोब बायकोच्या औषधाला लावला होता.

"अहो, ते औषध त्यांच्या साखरेचं आहे."

"डॉक्टरच म्हणलं, आठवडाभर अंगात राहतं. मग पुढच्या आठवड्याला थोडंफार उरत आसंलच की. आन सुई बदलतो बरं का. तेवढं कळतं मला. घोडीला पण कवा दुसऱ्याची सुई लावली न्हाई."

"डॉक्टरांना विचारलं?"

"इचारलं तर न्हाई म्हणतील. म्हणून इचारत न्हाई."

मी म्हटलं, हे बरोबर नाही. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही, आणि पुढच्या रविवारी वही काढून आकडा लिहिला. अठ्ठ्याहत्तर दोनशे.

माघात माणूस ओळखू येईना. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबे. पारावर पोरं म्हणत, "नामाभाऊ, सदरा तुमचाच ना, का थोरल्या भावाचा?" ते हसत. मग लोकांनी चेष्टा बंद केली, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांना मोठा आजार झालाय असं गावाने परस्पर ठरवलं. डिंगोऱ्याहून एक मेहुणा संत्री घेऊन भेटायला आला आणि जाताना गळ्यात पडून रडला. नामाभाऊंनी मला सांगितलं, "मी रडायचं कारण इचारलं तर आणखीनच रडला राव. मग मलाच त्याची समजूत काढाया लागली."

खोडदहून बहीण आली. भावाला आवडतात म्हणून पहाटे उठून मांडे करून आणले होते. नामाभाऊ एक घास खाऊन गोठ्यामागे गेले. परत आले ते तोंड पुसतच. बहिणीने पाहिलं. डबा झाकून पिशवीत ठेवला आणि दुपारच्याच एसटीने परत गेली.

या सगळ्या दिवसांत वहिनी काय करत होत्या, असं मला कुणी विचारलं तर एवढंच सांगता येईल. दूध घालायला त्याच येत. पाणी फार प्यायच्या. कॅन ठेवला की आधी माझ्या टेबलावरचा तांब्या उचलायच्या. मी म्हणायचो, ऊन वाढलंय. त्या म्हणायच्या, हां. माझ्या वहीत एकाच माणसाचं वजन होतं.

होळीच्या आधीचा तो रविवार. अडुसष्ट किलो दोनशे. अठरा आठवड्यांत तेवीस किलो दोनशे ग्रॅम. आणखी तीन किलो दोनशे, आणि हातात पाच आठवडे होते. नामाभाऊ पहिल्यांदाच म्हणाले, "आता मोठ्यानं वाचा." मी वाचलं. ते काट्यावरून उतरताना भिंतीला धरून उतरले.

मंगळवारी सकाळी सुदाम पळत आला. "गाडी काढा. वैनीचा पाय बघवत न्हाई."

कांदा काढताना पायाच्या बोटाला खापर लागलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी. वहिनींनी हळद भरून चिंधी बांधली होती. चिंधी सोडली तेव्हा दोन बोटं काळी होती. मी त्यांना गाडीत घातलं आणि नारायणगावकडे निघालो. नामाभाऊ शेजारी बसून एकच वाक्य म्हणत होते, "मला जखम कशी दिसली न्हाई? मला कशी दिसली न्हाई?"

दवाखान्याच्या दारात वहिनींना उतरवायचं होतं. त्या अंगाने बारीकच, पन्नास-बावन्न किलोच्या. नामाभाऊ पुढे झाले, एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली, आणि उचलेनात. पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. हाच माणूस लग्नात कांद्याची दोन पोती पाठीवर घेऊन पैज जिंकला होता. मी आणि तिथला एक वॉर्डबॉय, आम्ही दोघांनी वहिनींना आत नेलं. नामाभाऊ गाडीच्या उघड्या दारापाशी आपल्या हातांकडे बघत उभे राहिले. तेवीस किलो उतरतात तेव्हा नुसती चरबी उतरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

साखर चारशे बारा निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शन चालू आहे ना?"

नामाभाऊंनी सगळं सांगितलं, विहीर, पाळी, सगळं. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "यांना निम्मं औषध मिळत होतं म्हणजे. तरी साखर इतकी वर जायला नको होती. पेनं कुठं आहेत?"

वहिनी काही टाकून देत नाहीत. त्यांच्या पिशवीत दिवाळीनंतरची तिन्ही पेनं होती. दोन रिकामी, तिसऱ्यात दोन डोस शिल्लक. मी बाहेर बाकावर बसून बोटांवर मोजलं. खरं तर मोजायला फार काही नव्हतं. अठरा आठवड्यांचे अठरा डोस जायला हवे होते. गेले होते दहा.

"नामाभाऊ, तुमची पाळी कधी चुकली?"

"एकदा बी न्हाई. नऊ झाल्या."

"मग वहिनींची एकच झाली."

त्यांना समजायला वेळ लागला. "ती झाली म्हणायची की. मी इचारायचो, तुझी झाली का, म्हणायची झाली. पेन संपलं की तीच सांगायची, मग मी आणायचो."

"तुम्ही मोजलं नाही?"

"तुमी मोजता ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला ते अजून टोचतं.

दोन बोटं काढली. तिसऱ्या दिवशी वहिनी उशाला टेकून बसल्या होत्या. नामाभाऊंनी माझ्यादेखत विचारलं, "का केलं असं?"

वहिनी भिंतीकडे बघून बोलल्या. "तुमचं पेन मधीच संपलं आसतं तर? पासष्टला पोचला नसता. घोडी गेली आसती."

"जाऊ दे ना मग घोडी! घोडी मोठी का तू?"

"तुमी गोठ्यात तिच्याशी बोलता," वहिनी म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. मी चुलीपाशी आसते, मला आयकू येतं. आज काय खाल्लं, कोण भेटलं, सुदाम काय म्हणला, समदं तिला सांगता. घरात आला की गप. पोरगा चाकणला, सून चाकणला. तिच्यामुळं मला समजायचं तुमच्या मनात काय हाय ते. ती गेली आसती तर घरात आवाजच राह्यला नसता."

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. तांब्या भरलेलाच होता.

यात्रेच्या आठ दिवस आधी सुदाम गोठ्यात गेला. त्याची मान खाली होती. "दादा, मी तवा चेष्टेत म्हणलो व्हतो. राहू दे घोडी." नामाभाऊंनीच दावं सोडलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "खेडवाल्याला सांग, डाव्या कुशीला हात लावू नको म्हणावं, तिला खपत न्हाई." काट्यावर ते पुन्हा आले नाहीत. यात्रेच्या दिवशी घाटावर भोंगा वाजत होता, तेव्हा ते वहिनींना मलमपट्टीला घेऊन गेले होते. नवं पेन आता वहिनींचं एकटीचं आहे. तारखा मी लिहितो, आणि या वेळी मोजतोही.

वैशाखात वार्षिक सभेची नोटीस द्यायला गेलो. पडवीत वहिनी खाटेवर पडल्या होत्या, आणि नामाभाऊ जमिनीवर खांबाला टेकून बसले होते. मी अंगणात होतो, त्यांना दिसलो नव्हतो.

"आज वारं न्हाई," नामाभाऊ म्हणाले.

"हां."

त्यांनी जमिनीवरची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "सुदामानं कांदा भरला वखारीत."

"हां."

परीक्षेला बसलेल्या पोरासारखं त्यांनी छताकडे बघितलं. मग एकदम म्हणाले, "माझा उजवा गुडघा दुखतो."

वहिनींनी मान वळवली. "कवापास्नं?"

"लई वर्सं झाली. वडगावच्या घाटात पडलो व्हतो, तवापास्नं."

"आन बोलला न्हाई ते?"

"मैनाला सांगितलं व्हतं," नामाभाऊ म्हणाले.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पट्टीचा पाय हळूच बाजूला घेतला आणि खाटेवर नामाभाऊंपुरती जागा केली.