बडी बीचा बोल्ट

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर तीन गोष्टी उन्हात असतात: माझ्या मेसचे पापड, लाल मिरची आणि शेजारच्या गफूरमियाँची रायफल.

रायफल भिजली कशी, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"भिजली न्हाई, मेसवाल्या बाई. म्हातारी हाय, ऊन देऊन राहिलो. तुमची खाट जरा सरकवा, बडी बीवर सावली पडायली."

बडी बी म्हणजे पॉइंट बावीसची, शिसवी दस्त्याची रायफल. आजोबांना कुणा जहागीरदारानं दिलेली, मग अब्बांची, मग यांची. गफूरमियाँ डाळमिलमधून निवृत्त झालेले, एकटेच. वरच्या खोल्या त्यांनी क्लासच्या मुलींना दिल्यात. गावाकडून आलेले बाप भिंतीवरची बडी बी बघून आधी दचकतात आणि मग लगेच खोली ठरवतात.

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. गफूरमियाँ तिला रजईत गुंडाळून रिक्षातून नेतात. "कायदा म्हंजे कायदा." मग रोज ठाण्यात जाऊन विचारतात, "बरी हाय ना?"

हवालदार सांगतो, "चाचा, चहा विचारला. नको म्हणाली."

हे सगळं अशा रायफलीसाठी, जिच्यातून गोळीच सुटत नाही. मागून ओढून बंद करायचा लोखंडी बोल्टच तिला नाही. विचारलं की एकच उत्तर: "भूकंपात गेला." भूकंपाचा मोठा तडाखा औशाकडं बसला, रायफल लातूरच्या भिंतीवर शाबूत. मग बोल्ट एकटाच तिकडं कसा गेला? माझ्या डोक्यात हा हिशेब काही केल्या बसेना.

यंदा परवाना नवा करून घ्यायच्या वेळी नवे साहेब अडून बसले. चालत नसेल तर दुरुस्त करा, नाहीतर कायमची जमा करा. त्या दिवशी गफूरमियाँचा डबा न उघडता परत आला. दुसऱ्या दिवशीही.

मी चौकशी केली. नांदेडला बंदूक दुरुस्तीचा परवानावाला कारागीर निघाला. कागदांची फाईल मी घेतली, रजई त्यांनी. कारागिरानं जुना बोल्ट शोधून, घासून बसवला. खट्ट आवाज आला. मला वाटलं, आता हे हसतील. ते नुसते बघत बसले, जणू पाहुणा चुकून भलत्याच घरी आलाय.

परतीच्या एसटीत आपणहून बोलले.

"अब्बांनी वाटणी केली तवा रायफल मला दिली, बोल्ट धाकट्या रहीमला. एकट्याजवळ दोन्ही ठेवायचं न्हाई, कायदा म्हंजे कायदा. किती भांडलो तरी ईदला तो औशाकडून बोल्ट घेऊन यायचा. शेतात एक डबा उडवायचो, शीरखुर्मा खायचो, की हा बोल्ट घेऊन परत." त्यांनी मांडीवरची रजई नीट केली. "भूकंपात ढिगाऱ्यातून रहीमची मय्यत निघाली. बोल्ट न्हाई निघाला."

परवाना झाला. त्याच संध्याकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात आले आणि फडक्यात गुंडाळलेला बोल्ट पोळपाटाशेजारी ठेवला.

"हा तुमच्याकडं राहू द्या."

"मेसमध्ये? अहो, ठेवू कुठं?"

"कुठंबी ठेवा. माझ्याकडं दोन्ही नकोत."

मी तो तिळाच्या डब्यामागं सरकवला. ते दारापर्यंत गेले आणि थांबले. इतक्या वर्षांत मी त्यांना मेसवाली बाईच होते.

"ईदला येताना घेऊन ये, बहन. रिकाम्या हातानं आलीस तर शीरखुर्मा मिळायचा न्हाई."